कर्फ्यूतला केनिया

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत आम्ही घोडपदेवला एका चाळीत राहत होतो. मी अकरा वर्षांची. आईचा धाकटा भाऊ केनियात रेल्वेत सुतार होता. पाच वर्षांनी रजा मिळाली तसा बोटीने मुंबईत उतरला. पुढे वेंगुर्ल्याला जायचं होतं, पण दुसऱ्याच दिवशी कर्फ्यू लागला. नाक्यावर बंदूकवाले पोलीस, हवेत अश्रुधुराचा वास, आणि आमचा अख्खा मजला गॅलरीत अडकलेला.

मामाला रिकामं बसवेना. त्याने माझ्याकडून खडू घेतला आणि गॅलरीच्या लादीवर लांबलचक रूळ काढले. जिन्याकडे समुद्र, नळाकडे भलंमोठं सरोवर. आमच्या दाराशी नैरोबी आलं. शेजारच्या विणकर काकांच्या दारासमोर त्याने दोन उभ्या रेघा मारल्या.

"हय जमीन खचली आसा," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी ओढ बसली नि मधला तुकडा खाली गेला. गाडी कड्यावरून उतरते, दरी ओलांडते, पुन्हा चढते."

"अजून ओढ बसते?" मी विचारलं.

"आमचा रेल्वेतला साहेब म्हणायचा, बसते. आपल्याला कळत नाही एवढंच."

नैरोबीच्या बाहेर जनावरांसाठी राखलेलं रान होतं. गाडीतूनसुद्धा जिराफ दिसत. शहराच्या बाजूला तेवढं कुंपण, पलीकडे मोकळं.

"मग पळून नाय जात?" कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी विचारलं.

"जातात की, आजी. तिकडे पाऊस पडला की कळपच्या कळप तिकडे. गवत संपलं की परत. त्यांना हद्द कोण सांगणार?"

"आमच्या सरकारला सांग रे हे," विणकर काका म्हणाले. ते मोर्चात लाठी खाऊन आले होते, हात गळ्यात बांधलेला. दोन दिवसांनी गॅलरीत पहिल्यांदाच हशा पिकला.

मग मामाने विषुववृत्ताची रेघ ओढली, तिच्यावर डोंगर काढला आणि शेंडा खडूने पांढरा केला. "बर्फ," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. "विषुववृत्तावर बर्फ कसा असेल? पुस्तकात तर सूर्य डोक्यावर असतो म्हटलंय."

"मी बघितलाय गो."

"जवळ गेला होतास?"

"नाही. पायथ्याच्या स्टेशनात सहा महिने काम केलं. डोंगर कायम ढगात. एकदा सकाळी दाढी करत होतो, तर आरशात मागे काहीतरी पांढरं दिसलं. वळलो, तर अख्खा डोंगर! चहाला उकळी येईपर्यंत दिसला, मग गेला."

"अरे, तोंडावरचा साबण बघितला असशील आरशात!" काका म्हणाले. सगळे पोट धरून हसले. मामाही हसला, पण खडू माझ्या हातात देऊन आत गेला. संध्याकाळपर्यंत तो गॅलरीत आला नाही. मला वाईट वाटलं. प्रश्न मीच काढला होता. पण खरं सांगते, तो प्रश्न मला सोडतही नव्हता.

शाळा उघडली त्या दिवशी भूगोलाच्या बाईंना विचारलं. बाईंनी उलट वर्गालाच विचारलं, "माथेरानला कोण गेलंय?" एका मुलीने हात वर केला. "तिथे गार का वाटतं? उंचावर गेलं की सूर्य जवळ येतो ना?" बाईंनी नकाशांचं पुस्तक उघडलं. तांबूस रंगात विषुववृत्ताची रेघ, आणि तिला चिकटून पांढरा ठिपका. "जितकं उंच, तितकं थंड. हा डोंगर इतका उंच आहे, की सूर्य डोक्यावर असूनही बर्फ टिकतो. तुझ्या मामांना उद्या घेऊन ये."

मामा इस्त्रीचा सदरा घालून आला. चौथी शिकलेला माणूस. आधी नुसता घाम पुसत होता. मग दरीत उतरणाऱ्या गाडीच्या गोष्टीवर आला आणि सुटलाच. एका मुलीने विचारलं, झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा? "तिकडे त्याला पट्ट्यांचं गाढव म्हणतात," मामा म्हणाला, "पण हे मी कुणाला विचारलंच नाही. आता विचारतो."

घरी येताना तो म्हणाला, "बाईंनी माका खुर्ची दिल्यानी गो."

मी विचारलं, "मामा, त्या डोंगरावर रोज ढग येतात कुठून?"

"ता तुझ्या बाईंका इचार," तो म्हणाला, "आणि माका पत्रान कळव."