न धुतलेली किटली

"धुऊ नका हं, मिसेस डॉक्टर!"

किटली माझ्या हातात द्यायचे, पण मूठ सोडायचे नाहीत. मी "नाही धुणार" म्हटलं की मगच बोटं सुटायची. ऐंशी ओलांडलेला इंग्रज शेतकरी, हात बाभळीच्या खोडासारखे, आणि डोळ्यांत काळजी मात्र लहान मुलाची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाहेरून खडबडीत आणि आत नुसता मऊ भात.

किटलीत काय असायचं, तर चीक. हो, आपला खरवसाचा चीक! ब्रिस्टलपासून वीस मैलांवरच्या गावात आमच्या ह्यांची प्रॅक्टिस. कितीतरी वर्षं मी डब्यातल्या दुधाचा खोटा खरवस करून मन रमवलं. मग एकदा फिरायला गेले असताना त्यांच्या गोठ्यापाशी नुकतीच व्यालेली गाय दिसली आणि मला राहवेना. मी मॅट्रिक नापास, माझं इंग्रजी सगळं ऐकून ऐकून शिकलेलं. "फर्स्ट मिल्क? यलो?" एवढंच विचारलं. ते बघतच राहिले.

"तीस वर्षांत कुणी मागितलं नाही हे. माझी आई त्याचं पुडिंग करायची. वरून जायफळ."

"आम्हीपण जायफळच घालतो!" मी जवळजवळ ओरडलेच. झालं, तिथेच सोयरीक जुळली.

पण पहिल्याच खेपेला मी घोळ घातला. किटली घासून लख्ख केली, आत मूठभर साखर घातली (भांडं रिकामं परत करू नये, हे आईनं शिकवलेलं) आणि मोठ्या ऐटीत नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"धुतलीत?"

मला वाटलं, साबणाचा वास राहिला की काय. तर त्यांच्या आईची रीत अशी, की चिकाचं भांडं न धुता परत करायचं. धुतलं की गाय आटते, वासरू दगावतं. चर्चची पायरी न चढणारा हा माणूस, पण एवढं एक मानायचा. माझा चार दिवस जीव टांगणीला. पाचव्या दिवशी स्वतःच आमच्या दारात उभे. "गाय ठीक आहे. तुमच्या साखरेनं तारलं असणार."

तेव्हापासून आमची तडजोड ठरली. किटली धुवायची नाही, आणि साखर वेगळ्या पुडीत द्यायची.

शेतकरी असून त्यांच्याकडे बंदूक नव्हती. तिथे हे नवलच. कावळे बी टिपायचे, कोल्हे कोंबड्या पळवायचे. पबमधले लोक चिडवायचे, "याला नाताळात कोल्ह्यांची कार्डं येतात!" तेही हसायचे. "येतात की. पोस्टमनलाच विचारा."

कारण मला फार उशिरा कळलं. एका दुपारी त्यांच्या घरी भिंतीवरचा जुना फोटो मी निरखत होते. एकविशीतला पोरगा, डोक्यावर तिरकी टोपी, हातात खेचराचा लगाम.

"स्पेन," ते म्हणाले.

तिथे तेव्हा यादवी पेटलेली, भावावर भाऊ उठलेला. हा पोरगा बापाला चिठ्ठी ठेवून, परक्या देशातल्या गरिबांच्या बाजूनं लढायला गेला. जनावरांची जाण आहे म्हणून त्याला खेचरं सांभाळायला दिली. पाणी वाहायचं, दारूगोळा वाहायचा. पुढे माघार घ्यायची वेळ आली. नदी आडवी. खेचरं पलीकडे नेता येईनात. हुकूम आला, शत्रूच्या हाती जाऊ देऊ नका.

"अकरा होती," ते म्हणाले. "माझ्या हातून माणूस मेला का, मला ठाऊक नाही. धुरात काय दिसतं? पण खेचरं मी मारली. मी हाक मारली की यायची ना ती. तशीच आली."

चहा गार झाला. ते उठले आणि गाईंना चारा घालायला गेले.

मग २००१चा वसंत उजाडला. आपण लाळ्या-खुरकूत म्हणतो तो रोग आला. आमच्या माहेरी गाईला तो झाला की वडील तिचे खूर धुऊन औषध लावायचे, हातानं पेज भरवायचे. इंग्लंडात मात्र सरकारी माणसं यायची आणि कळपच्या कळप मारून जाळायची. रस्त्यावर औषधात भिजवलेला पेंढा, गेटांना कुलपं. नेमकी त्याच्या आठवडाभर आधीच त्यांची धाकटी गाय व्यालेली, आणि किटली माझ्याकडे.

हे म्हणाले, "अगं, त्या शेतावरचं भांडं आहे. औषधात बुडवून धुऊन टाक."

"अहो, मी नाही धुणार."

"तू काय खुळी आहेस का?"

"असेन." मी ती प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली आणि मागच्या शेडमध्ये लपवली. डॉक्टरची बायको ना मी!

शेजारच्या शेतावर रोग निघाला, त्या संध्याकाळी त्यांचा फोन. त्यांच्या चौदाही गाई ठणठणीत, पण शेताला शेत लागून, म्हणजे त्यांचाही नंबर लागणार.

"किटली धुतली नाहीत ना?"

"नाही हो. देवाशपथ."

"छान. छान." आणि फोन तसाच धरून ठेवला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

दोन दिवसांनी माणसं आलीच. पेंढ्याच्या अलीकडे उभी राहून मी कान झाकले, तरी आवाज यायचा तो आलाच.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. जनावरांची डॉक्टरीण, कोवळी पोर, म्हणाली होती, सर, तुम्ही घरात बसा. पण ते बसले नाहीत. म्हणाले, परक्याच्या हातात घाबरतील. एकेकीचं दावं धरून, कपाळाला कपाळ लावून उभे राहिले. शेवटी ते वासरू.

"नावानं हाक मारली. सगळ्या आल्या," ते म्हणाले. "एकही घाबरली नाही, मिसेस डॉक्टर. एकही नाही."

मला हुंदका फुटला. ते अगदी हळू म्हणाले,

"आता धुतलीत तरी चालेल."

मी धुतली नाही. रस्ते उघडल्यावर दोनदा भेटायला गेले. दूध काढायच्या वेळेला ते गोठ्याच्या दारात दावं हातात घेऊन उभे असायचे. मला पाहिलं की दावं खिशात कोंबायचे आणि म्हणायचे, "चहा?" किटलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

त्याच हिवाळ्यात ते गेले. पुढे घरही विकलं गेलं.

अंत्यविधीहून आल्यावर मी शेडमधून पिशवी काढली. चीक तळाला खरपुडीसारखा घट्ट बसला होता. कोमट पाण्यात भिजवला, नखानं खरवडला, अर्धा तास घासत होते. हे दारात येऊन उभे राहिले. पुसून कोरडी केली. हात सवयीनं डब्याकडे गेला आणि मी आत मूठभर साखर घातली.

झाकण लावलं, कोट चढवला, किटली उचलली. आणि मग तशीच उभी राहिले.

जायचं कुणाकडे?