काखेतला पारा

दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत मला फार थंडी वाजायची. फरीदाबादची खरी थंडी अजून सुरूही झाली नव्हती. शेजारणी अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत बाल्कनीत उभ्या असायच्या आणि मी स्वेटरवर शाल गुंडाळून ऑफिसला निघायचे. मेट्रोचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावं लागायचं. वजन उतरत चाललं होतं. जेवण समोर आलं की नको वाटायचं, पण लोणच्याचा खार मात्र चमच्याचमच्याने खावासा वाटायचा.

घरात मी आणि माझे सासरे, दोघंच होतो. नवऱ्याची बदली भोपाळला झालेली. तो महिन्यातून एखादा रविवार यायचा. मुलगी दिल्लीत विद्यापीठात शिकत होती आणि तिथेच मुनिरक्यात खोली घेऊन राहत होती. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे, आमच्या विदर्भात सुना तसंच म्हणतात. टपाल खात्यातली नोकरी झाली, सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि गुडघे साथ देईनात तेव्हा ते भंडाऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे आले. आमच्यात बोलणं म्हणजे ‘चहा ठेवलाय’ आणि ‘औषध घेतलं का’ एवढंच. माझ्या खोलीच्या दारातून आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

कॉलनीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड जरा मंद आहे म्हणाले आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी लिहून दिली. त्या रविवारी मुलगी आली, तिला मी हे सांगितलं.

“सिर्फ गोळी नाही आई, टेम्परेचर पण ट्रॅक कर,” ती म्हणाली. तिने इंटरनेटवर वाचलं होतं. सकाळी उठण्याआधी, अंथरुणात असतानाच काखेत थर्मामीटर लावायचा. पारा रोजच खाली राहिला तर थायरॉइड कमी पडतंय. एक दिवस वर, एक दिवस खाली असं झालं तर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात.

मामाजी पेपर वाचत होते. तोंडापुढचा पेपर न हलवता ते नातीला म्हणाले, “अंगात कणकण असते का, विचार तिला.”

“कणकण मतलब?”

“ताप यायच्या आधी अंग मोडून येतं ना, ते,” मी सांगितलं. “आणि नाही मामाजी, कणकण नसते. नुसतं गार वाटतं.”

पहिले काही दिवस मी नेमाने थर्मामीटर लावला. मग तेवढंही होईना. जाग यायची, पण हात उचलून टेबलाकडे न्यायचा म्हणजे डोंगर वाटायचा. एका सकाळी दारावर टकटक झाली. मामाजी उंबऱ्यापाशी उभे होते. त्यांनी पारा झटकून आणला होता.

“घे. मी इथं उभा आहे.”

मी थर्मामीटर लावला. ते पाठ फिरवून बाहेर उभे राहिले. वेळ झाल्यावर हात मागे करून त्यांनी तो घेतला, खिडकीच्या उजेडात नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि आकडा मोठ्याने वाचला. “पंच्याण्णवच्या जरा वर.” मग भोपाळला आपल्या मुलाला फोन लावून त्यालाही तोच आकडा सांगितला.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. पाठमोरे उभे राहून काहीतरी बोलायचे, कारण एवढा वेळ गप्प राहणं त्यांनाही जड जात असावं. आज धुकं किती आहे, दूधवाला का आला नाही, भंडाऱ्याला या दिवसांत शिंगाडे कसे मिळायचे. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. पारा कधी शहाण्णववर असायचा, कधी त्याच्याही खाली. मुलगी फोनवर म्हणायची, “वर-खाली होतंय ना, मग अ‍ॅड्रिनलच आहे.” डॉक्टर म्हणायचे, गोळीचा असर व्हायला वेळ लागतो.

पण गोळीने मी जास्तच खचत होते. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, सकाळी पोटात काही ठरत नव्हतं. समोरची शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, “भाभीजी, आप तो एकदम काली पड़ गईं. धूप में कम निकला करो.” मी हसले. रंगावरून ऐकायची सवय मला शाळेपासून होती. असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही हे मी फार लवकर शिकले होते.

एका सकाळी थर्मामीटर परत देताना मामाजींनी एकदम माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. मला खिडकीपाशी नेऊन त्यांनी तळवा उघडा केला. तळव्यावरच्या सगळ्या रेषा कोणी काजळाने ओढल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. मामाजींचा चेहरा उतरला.

“मोठ्या दवाखान्यात जायचं. आजच.”

“आज ऑफिसात मीटिंग आहे, मामाजी.”

“नाही. आजच.”

कपडे काढायला म्हणून मी कपाटापाशी गेले आणि तिथेच कोसळले. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजाऱ्यांची गाडी, मामाजींच्या मांडीवर माझं डोकं, आणि ते वाटभर माझे तळवे चोळत होते.

दिल्लीतल्या हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंनी माझे तळवे पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. रक्तदाब जेमतेम लागत होता. थायरॉइडची गोळी कधी सुरू केली, एवढं त्यांनी विचारलं, रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारपर्यंत माझ्या पायांत ऊब आली. किती दिवसांनी आली ते आठवेना, आणि मला रडू फुटलं.

अ‍ॅड्रिनल ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या. माझं शरीरच त्यांच्यावर उठलं होतं. त्या ग्रंथींचा उरलासुरला रस थायरॉइडच्या गोळीने आणखी लवकर संपवला, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मुनिरक्याहून धावत आलेल्या मुलीने मोबाइलमधले सगळे आकडे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते शांतपणे पाहिले.

“इससे पता नहीं चलता, बेटा,” त्या म्हणाल्या. अंग गार पडायला कारणं पुष्कळ असतात. थायरॉइड की अ‍ॅड्रिनल, ते रक्तच सांगतं. मुलीचं तोंड एवढंसं झालं. मग त्या मामाजींकडे वळल्या. आता मात्र थर्मामीटर घरात हवाच. मला ताप आला तर अ‍ॅड्रिनलसाठी आता दिलेल्या नव्या गोळ्या त्याच दिवशी वाढवायच्या, नाहीतर पुन्हा हीच वेळ येईल. मामाजींनी ते त्यांच्याकडून परत एकदा वदवून घेतलं.

जानेवारीत मी जरा हिंडूफिरू लागले. एका दुपारी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. मामाजी संत्रं सोलत होते.

“तुझ्या सासूच्या हातावर अशाच रेषा होत्या,” ते म्हणाले. “चैत्रात चादर घेऊन उन्हात बसायची. मीठ तळहातावर घेऊन चाटायची. चुलीच्या धुराने काळी पडली, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“विचारलं. इतक्या वर्षांनी आता काही सांगता येत नाही म्हणाल्या. बरोबरच आहे.” त्यांनी संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे ठेवल्या. “तू सांग. त्या थंडीत कसं वाटायचं? खरं सांग.”

मी सांगितलं. थंडी बाहेरून येत नाही, हाडांतून येते. माणसं बोलत असतात ती लांब कुठेतरी असल्यासारखी वाटतात. कोणी हाक मारली तर ओ द्यायचाही कंटाळा येतो.

“भीती वाटायची?”

“आधी वाटायची. शेवटी शेवटी तीही नाही, मामाजी. नुसतं निजावंसं वाटायचं.”

त्यांनी संत्र्याची सालं गोळा केली.

“म्हणजे तिलाही भीती वाटली नसेल.”

“नसेल वाटली,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले. मी थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसले. मग भात लावायला खाली आले.