बरणीतला अशोक

आपण झोपलेलो नाही, नुसते डोळे मिटलेत, असं वैजयंती म्हात्रे स्वतःला बजावते आहे. दुपारचे सव्वातीन वाजलेत. तिच्या टेबलावर काचेची उभी पेटी आहे, पेटीच्या तळाशी जेमतेम अर्ध्या बोटाएवढं द्रावण, आणि त्यात पांढरा लेप दिलेली एक प्लेट उभी. द्रावण त्या लेपातून मुंगीच्या चालीनं वर चढतंय. चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसानं करायचं काय? हनुवटीला हात लावून बसायचं, दुसरं काय.

प्लेटवर खाली पेन्सिलीची रेघ आहे आणि रेघेवर दोन ठिपके. डावा ठिपका प्रयोगशाळेच्या बरणीतल्या सालीचा. बरणीवर लिहिलंय, ‘अशोक’. ही बरणी म्हणजे साक्षीदार. खऱ्या अशोकाची साल कशी असते ते तिनं सांगायचं. उजवा ठिपका चांगो हिलमनं डोंगरातून आणलेल्या सालीचा. द्रावण वर जाताना दोन्ही ठिपक्यांतले रंग ओढत नेतं आणि वेगवेगळ्या उंचीवर सोडतं. दोन्हीकडच्या उंच्या जुळल्या, तर झाड एकच. नाही जुळल्या, तर भेसळ.

चांगोच्या तीन वेळा जुळलेल्या नाहीत. आज चौथी वेळ. आज नापास झाला की त्याचं नाव औषधाच्या कारखान्याच्या यादीतून जाणार, आणि साल विकत घेणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना कळवलं जाणार की हा माणूस बायकांच्या औषधात भलतीच साल घालतो. वाडीवर आत्ताच लोक त्याच्याकडे तिरकं बघतात म्हणे. सकाळी नऊपासून तो बाहेरच्या बाकावर बसलाय. वैजयंती आत येताना तिला म्हणाला होता, “बाय, माझ्या झाडाला लाल फुलं येतात. तुमच्या बरणीतल्या झाडाला काय येतं?”

आता वैजयंतीचा स्वभाव म्हणजे, नारळ घेताना तीनदा वाजवून बघेल आणि तरी घरी येऊन म्हणेल, फसवलंन मेल्यानं. चांगोवरही तिचा संशय होताच. पण हा प्रश्न ऐकल्यापासून तिच्या मनात जी पाल चुकचुकायला लागली आहे, ती चांगोच्या नावानं नाही. आणि हेच तिला आवडलेलं नाही.

“पेन्सिल दे जरा,” कोणीतरी म्हणतं.

ती खिशातली पेन्सिल पुढे करते. घेणारा हात केळुसकर सरांचा आहे. समोरच्या स्टुलावर बसलेत, तोच अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, चष्मा कपाळावर. या प्रयोगशाळेतली एकूण एक बरणी सरांनी भरलेली, आणि वैजयंतीला प्लेट धरायलाही सरांनीच शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. ती तेराव्याचं जेवून आली होती, भजी छान झाली होती, हेसुद्धा तिला आठवतं.

“सर, तुम्ही गेलात ना?”

“गेलो की. चहा मागव.”

वैजयंती सावध होते. सर जन्मात चहा प्यायले नव्हते. कॉफीसाठी घरून थर्मास आणायचे.

“चहा कधीपासून?”

“तिकडे कॉफी मिळत नाही,” सर म्हणतात आणि प्लेटकडे बघतात. पेटीकडे बघतात. पंख्याकडे बघतात. मागच्या कपाटाकडे तेवढं बघत नाहीत. बरणी त्या कपाटात आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं वैजयंतीला वाटतं, आणि खरंच भिंत ओली दिसते. जमिनीपासून ओल वर चढते आहे, सरळ रेघेत, भिंतीवरचं कॅलेंडर भिजवत. ती उठून कपाट उघडते. आत बरण्या नाहीत. आत प्रयोगशाळेचं फाटक आहे, आणि फाटकापाशी ती ओळीनं लावलेली उंच झाडं, खालपासून वरपर्यंत पानंच पानं, फांद्या अंग चोरून घेतलेल्या. प्रत्येक शाळेबाहेर असतात, प्रत्येक सोसायटीत असतात. सगळा महाराष्ट्र त्यांना अशोक म्हणतो. औषधातला अशोक तो नव्हे; ही नुसती शोभेची झाडं.

ती फाटकापाशीच उभी आहे. सरही उभे आहेत, हातात खिशातली सुरी.

“सर, बरणीतली साल कुठली?”

“बरणीवर लिहिलंय ना.”

“अशोक लिहिलंय. कुठला ते नाही लिहिलेलं.”

“अशोकाला अशोक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?” सर हसतात. हसताना तोंड मिटलेलंच आहे. वैजयंतीच्या ते बरोबर लक्षात येतं. जिवंतपणी प्रत्येक नमुना आधी जिभेला लावून बघणारा माणूस हा, आणि आता तोंड उघडत नाही.

“चाखून दाखवा,” ती म्हणते.

“काय?”

“या झाडाची साल. चाखून दाखवा, आणि सांगा की ही अशोकाची.”

सर सुरी मिटतात. ओल त्यांच्या पँटीवर चढायला लागली आहे, घोट्यापासून पोटरीपर्यंत. “दुसऱ्या दिवशी तपासणी होती गं,” ते म्हणतात. “सगळ्या बरण्या भरलेल्या, ही एकच रिकामी. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. शिपायाला म्हटलं, अशोकाची साल हवी. तो म्हणाला, सर, फाटकापाशी सात झाडं आहेत की. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी काही आलंच नाही. बरणी भरली, चिठ्ठी डकवली. तपासणीवाल्यांनी वा वा केलं.”

“पण मग कळलं.”

“कळलं.”

“कधी?”

सर बोटं मोडतात. “तू रुजू झालीस ना, त्या पावसाळ्यात.”

चौदा वर्षं. त्यातली बारा वर्षं हा माणूस तिला सांगत होता, वैजू, साक्षीदार खरा असेल तरच निकाल खरा. तिनं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तिला राग येतो, असा की कानशिलं तापतात, आणि रडूही येतं, कारण वडिलांनंतर तिनं कोणाला मानलं असेल तर यांना.

“सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर मागचे सगळे निकाल परत काढावे लागले असते.”

“मग काढायचे.”

“तू काढशील?” सर तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघतात. “त्यांवर आता तुझ्याही सह्या आहेत.”

ती मागे सरकते, तर फाटक नाही. चढ आहे. पायाखाली पाचोळा, वर गच्च सावली, कुठेतरी पाणी वाहतंय. समोर एक बुटकं, पसरलेलं झाड आहे, आणि त्याच्या खोडालाच शेंदरी-लाल फुलांचे घोस लगडलेत. इथे ती कधीच आलेली नाही. सरांना मात्र पायवाट ठाऊक असावी, ते पुढे जाऊन झाडाला टेकलेत.

“एक सुचवू?” सर म्हणतात. आवाज एकदम प्रेमळ. वैजयंतीला हा आवाज आवडत नाही. “त्या चांगोला पास कर. जुळलं म्हणून लिही. गरीब माणूस आहे, त्याचं नाव राहील. बरणीला हात लावू नकोस, माझं नाव राहील. तुझंही राहील. कोणाचंच काही बिघडत नाही.”

एक क्षणभर, खोटं कशाला बोला, तिला ते पटतं. किती सोपं आहे. एक सही. बाहेर बसलेला माणूस उठून घरी जाईल.

“आणि बाकीचे?” ती म्हणते.

“कोण बाकीचे?”

“ज्यांची साल तुमच्या बरणीशी जुळली, सर. इतकी वर्षं. त्यांना आपण पास केलं. म्हणजे ती कुठली साल होती? आणि ज्या बायका ते औषध रोज दोन-दोन चमचे घेतात, त्या काय पितायत?”

ओल सरांच्या कमरेपर्यंत आली आहे आणि त्यांचे रंग वेगळे व्हायला लागलेत. शर्टाचा निळा वर निघालाय, चेहऱ्याचा पिवळा खालीच राहिलाय. मग ते सुरी उघडतात, मागे वळतात आणि झाडाची नखाएवढी साल सोलून तिच्या हातावर ठेवतात.

“आम्ही शिकलो तेव्हा पेटी नव्हती, प्लेट नव्हती,” ते म्हणतात. “चाव.”

“यात काय आहे?”

“संशयी आहेस. चांगलं आहे. चाव.”

ती कोपरा चावते. जीभ एकदम आवळली जाते, टाळ्याला चिकटते, गालाच्या आतून सगळं कोरडं होतं. तुरट. इतकं स्वच्छ तुरट की डोळ्यांत पाणी येतं. तिला विचारायचंय की सर, हे आधी का नाही केलंत, पण तोंड उघडत नाही, आणि सर आता कुठेच नाहीत.

पंखा गरगरतोय. पावणेपाच वाजलेत. द्रावण प्लेटच्या वरच्या काठापर्यंत जाऊन पोचलंय, रंग एकमेकांत कालवलेत, प्लेट फुकट गेली. वैजयंती मान वर करते. गालावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठलाय. जीभ अजून कोरडी आहे.

ती मूठ उघडते. तळहातावर नखाएवढी साल आहे, एका कोपऱ्याला दातांच्या खुणा.

पहिला विचार अर्थातच असा की आपण झोपेत चांगोच्या पुडीत हात घातला. ती पुडी बघते. पुन्हा लावलेलं सील जसंच्या तसं आहे. सकाळी काढून घेतलेला नमुना कुपीत आहे, कुटलेला, भुगा. शिवाय चांगोची साल उन्हात वाळवलेली. ही ओली आहे. आतल्या बाजूनं अजून चिकट लागते. बाहेरच्या बाजूला तांबडा डाग आहे, तो बोटानं पुसला तर बोटाला येतो.

ती कपाट उघडते. आत बरण्याच आहेत. ती बरण्यांची नोंदवही काढते आणि केळुसकर सरांच्या टपोऱ्या अक्षरातलं पान शोधते. हिरडा, कुठून आणला, कोणी आणला, तारीख. अडुळसा, कुठून, कोणी, तारीख. अशोक. तारीख आहे. कुठून, ती जागा कोरी. कोणी, ती जागा कोरी. चौदा वर्षांत हे पान तिनं एकदाही उघडलेलं नाही. नारळ तीनदा वाजवणाऱ्या बाईनं सरांची बरणी कधी वाजवलीच नाही, हे तिचं तिलाच कळतं आणि लाज वाटते.

मग ती पेन घेते आणि अहवालाच्या कागदावर लिहिते: प्रमाण नमुन्याचं मूळ सिद्ध नाही, सबब या नमुन्याशी ताडून दिलेले आजवरचे सर्व निकाल संशयास्पद धरावेत. खाली सही करते, नेहमीपेक्षा ठळक.

बाहेर बाकावर चांगो हिलम तसाच बसलाय, गुडघे जवळ घेऊन. तिला बघून उठतो. तोंडावर काही नाही. चौथ्यांदा तेच ऐकायची तयारी करून आलेला माणूस.

“चांगोदादा, तुमची साल नापास नाही. आमची बरणी खोटी निघेलसं दिसतंय.”

“मंग आधीची तीन वेळची?”

“ती मी नापास केली. माझं चुकलं. तसं लिहून दिलंय कारखान्याला. खरा नमुना दुसरीकडून आणून सगळं परत तपासणार.”

“हे तुमाला आजच कसं काय कळलं?” त्याला काही हे पटलेलं नाही. तीन वेळा तोंडघशी पडलेला माणूस चौथ्यांदा लगेच विश्वास कसा ठेवणार?

वैजयंती मूठ उघडून ती साल त्याच्यापुढे धरते. “ही बघा. ही तुमच्याकडचीच ना?”

चांगो साल उचलतो. आतून नखानं खरवडतो, नाकाशी नेतो, मान हलवतो. मग उलटी करतो. बाहेरचा तांबडा डाग बघतो आणि त्याचा चेहरा उतरतो.

“हा शेंदूर हाय, बाय,” तो हळूच म्हणतो. “हे आमच्या देवाचं झाड. वरचं. याला आमी कोयता लावत नाय. माझ्या बापानं नाय लावला, आज्यानं नाय लावला.” तो तिच्या चपलांकडे बघतो, तिच्या हाताकडे बघतो. “आजच सोललीय ही. कोणाची सुरी लागली?”

“माझ्या सरांची,” वैजयंती म्हणते.

“कुठं हायत ते?”

ती मागे वळून आतल्या कपाटाकडे बघते. चांगो तिच्याकडे बघत ती साल आपल्या उपरण्याच्या टोकात बांधतो, दोन गाठी मारतो, आणि परत देत नाही.