वाळल्या भाताचं वजन

माझे सासरे, आबा, फोनवर एकच प्रश्न विचारायचे. "गुंजवण्याहून बोलतोय. तुमचं मानूस हाय नव्हं?" मग वहीत 'आहे' किंवा 'नाही' लिहायचे. 'नाही' आलं, तर पलीकडचं रडणं संपेपर्यंत फोन खाली ठेवायचे नाहीत.

माझा नवरा संजय पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात चालत गेला होता. रक्ताचा कॅन्सर वेळेत सापडला होता, धाकट्या दिराच्या मूळपेशी तंतोतंत जुळल्या होत्या. तिथे पाटी होती, की इथले बहुतेक सगळे रुग्ण बरे होऊन घरी जातात. संजयही घरी आला आणि चौथ्या महिन्यात गेला. पाटीच्या लेखी तो बरा झालेलाच राहिला. मला ती पाटी जाळायची होती, आणि जमलं तर डॉक्टरलाही.

आबांची सगळी नोकरी कृषी खात्यात, भाताच्या पीक कापणी प्रयोगांवर गेली. शेतातला नेमून दिलेला तुकडा कापायचा, झोडायचा, तोलायचा, मग दाणे उन्हात वाळवून पुन्हा तोलायचे. सरपंचाने डोळे वटारले तरी ते पहिल्या वजनावर थांबत नसत. "वल्या भाताचं वजन खरं न्हवं," हे त्यांचं पालुपद. संजयच्या दहाव्याला नदीवर तेच पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी भोरहून वही आणली.

मूळपेशी चढवल्यावर वर्षाने कोण जिवंत आहे, एवढंच मोजायचं ठरलं, तेही तीन इस्पितळांत. नंबर इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत ओळख झालेल्या नातेवाइकांकडून मिळत गेले. फोन लागला नाही तर आबा एसटीने घर गाठत. न लागणाऱ्यांतच गेलेले जास्त असतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं निघालं.

तीन वर्षांनी बेरीज केली. आमच्या इस्पितळात 'आहे' सगळ्यांत कमी. मी लगेच पेपरात द्यायला निघाले, तर आबांनी वही काढून घेतली.

"पान्याच्या खाचराची बरोबरी डोंगरावरच्या हलक्या वरकसाशी लावू ने, पोरी."

आजार फार पुढे गेलेल्यांपैकी बहुतेकांना बाकीची दोन इस्पितळं परत पाठवत आणि आमचं घेत असे. आबा महिनाभर पुन्हा फोन करून, आजार किती पुढे गेला होता ते विचारत, पानं वेगळी करत बसले. म्हातारा मऊ पडला असं वाटून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पानं झाली तेव्हा पुढे गेलेल्या आजारात तिन्ही इस्पितळं सारखी निघाली. संजयसारख्यांच्या पानावर मात्र आमच्या इस्पितळापुढे 'नाही'च्या रांगा लागल्या होत्या. आबांनी चष्मा पुसला. "आता मारू," म्हणाले. "आता चुकायचं न्हाई."

आम्ही वही नेली, संजयच्या डॉक्टरांनी ती चाळली. रुग्ण घरी गेल्यावर पुढचं आमच्या हातात नसतं, असं म्हणाले. आठवड्याने पाटी गायब झाली. मी आनंदाने पेढे आणले, आबांनी हातही लावला नाही. पाटी लपली म्हणून तिथे खरा आकडा लागला का, असं मलाच झापलं. मग दर गुरुवारी ते इस्पितळाच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसून आल्यागेल्याला पानं दाखवू लागले.

गेल्या वर्षी आबा गेले. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, डॉक्टरचं काय करू.

"सोडू नगंस. पर खोटं बोलून मारू नगंस, त्यो सुटंल."

आता गुरुवारी मी बसते. मागच्या महिन्यात सारोळ्याची एक बाई आली. नवऱ्याचा आजार फार पुढे गेलेला, बाकीच्या दोघांनी परत पाठवलेलं. "ताई, ह्यास्नी हितं ठिवू का घरी न्हिऊ?" माझ्या एका शब्दावर ती नवऱ्याला घेऊन निघाली असती. मला तेच हवं होतं, आणि अजूनही हवंय. मी तिच्या नवऱ्यासारख्यांचं पान उघडून दाखवलं, तिथे हे इस्पितळ बाकीच्यांइतकंच होतं. "ठेवा," म्हणाले.

डॉक्टर गाडीतून उतरत होते. त्यांनी ऐकलं, आणि मला हात जोडले. मी जोडले नाहीत. त्यांच्या मागून एक तरुण जोडपं फाईल घेऊन येत होतं. आजार वेळेत सापडलाय का, एवढं त्यांना विचारलं. 'हो' आलं, तसं संजयसारख्यांचं पान उघडलं.