पोलंडचे सर

‘आमच्या पोलंडमध्ये असं नव्हतं.’ हे म्हणताना सर माशी हाकलल्यासारखा हात उडवायचे, आणि ती माशी बहुधा मीच असायचो. सर धुळ्याच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. पण जळगावच्या आमच्या वाचनालयातला चहा गार निघाला, तरी मध्येच पोलंड यायचंच.

तुमच्याही गावात असा एक असेल. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला, दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘कादंबरीकार’ लिहिणारा. आमच्या या सरांच्या हाती एका पोलिश कादंबरीकाराचं चरित्र लागलं होतं. तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेला, नकाशावरून पुसलेला देश. आणि त्या देशाच्या जुन्या लढायांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्यानं लिहून लोकांना धीर देणारा हा लेखक. त्याचा एक नायक मेला, तेव्हा लोकांनी चर्चमध्ये जाऊन प्रार्थना केल्या म्हणे. माणूस मोठाच. त्यात सरांचं कर्तृत्व काय, हे मला कधी कळलं नाही.

सरांची एकच इच्छा होती. आपल्या नायकासाठी कोणीतरी रडावं. ‘एक माणूस, फक्त एक! मग मी मोकळा,’ असं ते म्हणायचे. धुळ्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत खानदेशातल्या एका किल्लेदारावरची त्यांची कादंबरी चालू होती. तिची प्रुफं सर माझ्याकडूनच तपासून घ्यायचे, म्हणून खात्रीनं सांगतो, रडू यायचं ते वेगळ्या कारणानं. दर प्रकरणात किल्लेदार तलवारीला हात घालून पानभर भाषण करी, आणि शत्रू बिचारा ऐकत उभा राही.

शेवटी सरांनी किल्लेदाराला मारलं आणि वाट पाहिली. फोन नाही, पत्र नाही. ‘लोक जिवंत आहेत की नाहीत?’ ते माझ्यावरच डाफरले. मग त्यांनी आमच्या वाचनालयात किल्लेदाराची शोकसभा ठेवली आणि चौकाचौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स लावले. किल्लेदाराचा फोटो कुठून आणणार? पगडी आणि मिशा चढवून स्वतःचाच दिला! फ्लेक्सवाल्यानं किल्लेदाराचं नाव खाली बारीक अक्षरात टाकलं. इतका शुद्ध गाढवपणा मी दुसरा पाहिलेला नाही.

सभेला चार टाळकी जमली. फोटोला हार घालून झाला, तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. सरांचे थोरले भाऊ, बोदवडकडे शेती करणारे. सरांना भाऊ आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सरांना धडधाकट उभं पाहून म्हातारा उंबऱ्यातच बसला आणि ढसाढसा रडू लागला.

सरांचा चेहरा उजळला. ‘नाना, कितवं प्रकरण वाचलंत?’

‘मले कुठी वाचता येतं रे? बोदवडच्या स्टँडावर लोकं म्हने, जळगावात तुह्या फोटोले हार घातला. तसाच धावत आलो. जित्ता हायेस ना? बस झालं.’

सर आमच्याकडे वळून म्हणाले, ‘घरचा माणूस आहे. हा धरायचा नाही.’

मला त्यांची शिसारी आली. नानांना पाणी मी दिलं, स्टेशनवर मी पोचवलं. सरांचं तोवर भाषण चालू होतं.

मागच्या वर्षी सर खरोखरच गेले. वाचनालयात पुन्हा सभा झाली. वक्त्यांनी कादंबरीला ‘अजरामर’ करून टाकलं. एकानंही ती वाचली नव्हती, पैजेवर सांगतो. नाना मागच्या खुर्चीत अवघडून बसले होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मह्या भावानं लिहेल गोष्ट काय होती? कोनी सांगन का मले?’

अध्यक्षांनी घाईनं आभार मानून सभा संपवली.

मग मीच नानांजवळ खुर्ची ओढली आणि सुरुवातीपासून सांगू लागलो. भाषणं गाळली, तेवढं स्वातंत्र्य घेतलं. नाना मान हलवत ऐकत होते, मध्येच ‘मंग?’ म्हणत होते. किल्ल्याच्या दरवाजात किल्लेदार पडतो तिथवर आलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

‘मेला?’

‘हो नाना.’

‘लय चांगला मानूस होता भाऊ तो किल्लेदार,’ नाना म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर धरून रडू लागले.