हॅटखालचं कपाळ

क्रातो गावच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आणि अब्दोरालचं चित्रांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही फळ्यांची. त्यामुळे त्याच्या गिऱ्हाइकांचं बोलणं चोरून ऐकायची मला कधी गरज पडली नाही. लोक ओळखपत्रावरचा चुरगळलेला फोटो आणायचे आणि अब्दोराल तो मोठा करून रंगवायचा. मेलेल्या बाळाचे मिटलेले डोळे उघडायचा. पुरुषांना जन्मात न घातलेला कोट आणि टाय चढवायचा. डोक्यावरची हॅट मात्र उतरवायचा, कारण चर्चमध्ये आणि चित्रात हॅट घालायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज.

एकदा पाहिलेला चेहरा त्याच्या डोक्यातून जात नाही, असं सगळे म्हणत. मला काही केल्या पटेना. शेवटी मी एक फोटो त्याच्यासमोर क्षणभर धरला आणि पाठीमागे लपवला.

"सांग, शर्टाचं कुठलं बटण तुटलंय?"

त्याने डोळे मिटले. "वरून दुसरं. आणि तुझा अंगठा त्याच्या कानावर होता, जांदिरा."

"मेल्या, दिसतं तरी कसं तुला?"

"कसं म्हणजे? समोर उभाच आहे तो."

"मग पाठमोरा कर बघू."

"पाठ मी पाहिलीच नाही, तर कुठून आणू?" तो चिडला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. मी डोळे मिटले की नुसता काळोख दिसायचा.

मग एका सोमवारी दोना कितेरिया, म्हणजे कितेरियाबाई, आली. तिचा नवरा बाजारात कसाव्याच्या कंदाचं पीठ विकायचा. तो वारून वर्ष झालं होतं. त्याने आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता.

"त्याचा खोकला आठवतो, चाल आठवते," ती म्हणाली. "तोंडच आठवत नाही हो. इतकी वर्षं एका घरात काढली आणि आता डोळे मिटले तर कुणीच येत नाही. मी बायको कसली?" आणि ती रडायला लागली.

"रडू नका, दोना कितेरिया. मी पाहिलंय त्यांना," अब्दोराल म्हणाला. "डावी भुवई मधोमध तुटलेली."

पुढच्या सोमवारी चित्र तयार झालं. भुवई होती, कोट होता, टाय होता. फ्रेम मी स्वतः निवडून बसवली होती. दोना कितेरियाने बराच वेळ पाहिलं.

"माणूस चांगला आहे," ती म्हणाली. "पण कोण हा?"

अब्दोरालचं तोंड उतरलं. मला त्याचा इतका राग आला की मी फळीवर हातोडी आपटली. "अरे, बाजारात तो कायम हॅट घालून बसायचा! कपाळ कुठून आणलंस?"

त्याने चित्राकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मनाने काढलं. हॅटखाली काय होतं ते मला माहीतच नाही." आणि तिच्याकडे वळला. "दोना कितेरिया, तुम्हीच सांगा ना."

"मला काय विचारता? मला काहीच आठवत नाही म्हटलं ना."

"तोंड राहू द्या. घरी आल्यावर हॅट काढायचे, तेव्हा?"

"तेव्हा काय, खुंटीला लावायचा." तिने हात वर नेला आणि आपोआप डोळे मिटले. "कपाळावर हॅटची खूण. तिच्या खाली उन्हाने रापलेलं, वर कसाव्याच्या पोळीसारखं पांढरंफटक. मी हसायचे. मग तो चिडून असा बघायचा..."

ती थांबली. हात तसाच वर होता.

"आला," ती म्हणाली.

अब्दोरालने घाईघाईने कुंचला उचलला. "बोला, खूण कुठे होती? भुवईच्या किती वर?"

दोना कितेरियाने डोळे उघडले नाहीत. "काही नको. हॅट घाला त्याला," ती म्हणाली. "कपाळ माझ्यापाशी आहे."