पुराव्यात न बसलेली गोष्ट

कोर्टात साक्षी टाइप करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे ‘शब्दशः’ म्हणत. साक्षीदार बोलला तेवढंच कागदावर. काना-मात्रेचा फरक नाही. ऐकीव गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी केरकचरा. बरं, हे खूळ चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावं की नाही? छे!

त्यांची लहानगी लेक तापाने गेली. त्यानंतर बायको रोज संध्याकाळी रिकाम्या खाटेशी बसून एकच गोष्ट सांगायची. देव लहान मुलांना कडेवर घेऊन नदीपार नेतो, आणि पोर घाबरू नये म्हणून वाटभर त्या पोराच्याच आईच्या आवाजात बोलतो.

काही दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा कोर्टातल्यासारखी उलटतपासणीच घेतली. “तू पाहिलंस? कोणी पाहिलं? ती गेली. पुढे काही नाही.”

बायकोने ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढली नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची, त्यांना हवं तसं.

निवृत्तीनंतर एका दुपारी ट्रंकेत लेकीचा फ्रॉक सापडला. कुठल्या कुठल्या चोरांच्या जबान्या त्यांना तोंडपाठ होत्या, पण लेकीचा आवाज काही केल्या आठवेना. फ्रॉक छातीशी धरून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“अगं, ती गोष्ट सांग ना. नदीपार गेल्यावर पुढे काय होतं?”

भाजी चिरताना तिने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

“तुम्हीच सांगितलंत ना,” ती म्हणाली, “पुढे काही नाही.”